मुनवा कुठून आणला? अकोट तालुक्यातल्या एका केळीबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट २०२२ च्या खरिपातली, अकोट तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून गावाचं नाव आणि माणसांची नावं गाळली आहेत. त्यांना मी काका, काकू आणि पुतण्या म्हणते; समोर असतानाही तशीच हाक मारायचे. तेव्हा मी त्या भागातल्या शेतकरी गटांना पीकसल्ला द्यायचं काम करत होते.

तिथून खाली पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा लागतो. पायथ्याच्या गावांना मात्र विहिरीला गोडं पाणी आहे, म्हणून इकडे केळी, संत्रा, पानवेल. काकांच्या वडिलांनी बसराई जातीची केळी लावली होती, दांडाच्या पाण्यावर. पुढे ठिबक आलं आणि बसराईच्या जागी ग्रँड नैन आली, जिला गावात सगळे जी-नाईन म्हणतात. आजूबाजूला सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी.

त्या वर्षी अडीच एकर मृगबाग, म्हणजे जूनमधल्या लागवडीची बाग, लावायची ठरली. सहा बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,४५० झाडं बसतात, म्हणजे एकूण ३,६०० च्या वर. एक एकरासाठी पुतण्याने टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं बुक केली होती, १७ रुपयांना एक. उरलेल्या दीड एकरासाठी काकूंच्या भावाने बऱ्हाणपूरकडच्या आपल्या ओळखीच्या बागेतून मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं, मिळवून दिले, ५ रुपयांना एक. झाडामागे १२ रुपये वाचले. दीड एकराचे २५ हजारांवर. घरात त्याच वर्षी एका पोरीची कॉलेजची फी भरायची होती. मुनवे कोणत्या बागेतले, त्या बागेवर मागच्या पावसाळ्यात काही रोग पडला होता का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. लागवडीच्या दिवशी मी तिथेच होते, आणि मुनव्यांचा कंद किती किलोचा आहे, पानं तलवारीसारखी अरुंद आहेत का, एवढंच पाहत होते.

टिश्यू आणि मुनव्यांच्या तुकड्यांमधल्या पट्ट्यात काकूंनी काकडी आणि चवळी लावली. ठिबकचं पाणी होतंच. आठवडी बाजारात काकडीचे येणारे पैसे काकूंच्या हातात राहायचे.

अडचण

१७ ऑगस्टला काकूंचा फोन आला. "बाई, केयीच्या पानावर पट्टे पडून रायले. हरणाच्या पाठीवानी." मी १९ तारखेला गेले. आठवडाभर ढगाळ, रिमझिम, थंडावा होता. काही झाडांच्या कोवळ्या पानांवर पिवळट रेघा दिसत होत्या. तिथल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता दर पावसाळ्यात दिसते, मी शंभरदा पाहिलेली. मी फेरस सल्फेटची फवारणी सांगितली आणि आठ दिवसांनी येते म्हणाले.

ती चूक होती, आणि कशी झाली ते सविस्तर सांगायला हवं. लोह कमी पडलं की नवं पान सगळीकडून सारखं फिकं पडतं, शिरा हिरव्या राहतात, आणि जमिनीचा जो तुकडा चुनखडीचा तिथली सगळीच झाडं तशी दिसतात. इथे एक झाड पट्ट्यांचं, त्याच्या शेजारची दोन ठणठणीत, मग पुन्हा एक पट्ट्यांचं. रेघाही सलग नव्हत्या; मध्येच तुटलेल्या, पानाच्या एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. हे सगळं १९ तारखेला माझ्या डोळ्यांसमोर होतं. काकूंनी तर फोनवरच नेमकं वर्णन केलं होतं. जळगावकडे शेतकरी या रोगाला हरण्याच म्हणतात, आणि काकूंनी ते नाव कधी ऐकलेलं नसताना हरणाचीच उपमा दिली होती.

२५ तारखेला परत गेले तेव्हा शंका उरली नाही. काही झाडांचा पोगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडायला लागला होता. पट्ट्यांची झाडं मुनव्यांच्या तुकड्यात सगळीकडे विखुरलेली होती. टिश्यूच्या तुकड्यात ती काकडीच्या कडेला एकवटलेली. हा काकडीचा मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही. फोटो आणि पानं विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्रज्ञांना दाखवली, त्यांचंही तेच मत पडलं.

पुतण्याने मात्र वेगळंच धरलं होतं. त्याने मोबाईलवर पनामा रोगाचे, म्हणजे केळीच्या बुरशीजन्य मर रोगाचे, व्हिडिओ पाहिले होते, "केळी जगातून संपणार" असे. म्हणाला, "ताई, हा टीआर-फोर हाय. बिहारात आला, यूपीत आला, आता आपल्याकडे आला." भीती अगदी निराधार नव्हती. पनामा रोगाचा हा नवा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे, आणि आपले मुनवे राज्याच्या सीमेपलीकडून आलेले. म्हणून ते तिथल्या तिथे तपासलं. काकांनी विळ्याने एक पट्ट्यांचं झाड बुंध्याशी आडवं कापलं. पनामा असता तर कापात तांबूस-तपकिरी ठिपक्यांची वलयं दिसली असती. खोड आतून पांढरं शुभ्र, काकडीच्या फोडीसारखं ओलं. शिवाय पनामात आधी खालची जुनी पानं कडेने पिवळी पडून खोडाभोवती लोंबतात; इथे खालची पानं हिरवीगार आणि आजार पोग्यात. पुतण्याने कापाचा फोटो काढला, तेव्हा त्याचा आवाज जरा उतरला.

पाकिटातलं बी

त्याच संध्याकाळी ओसरीवर त्याने एक पाकीट पुढे ठेवलं. "रोगमुक्त केळी बियाणं" असं काहीतरी छापलेलं, ऑनलाइन मागवलेलं. त्याचा विचार सरळ होता: मुनव्यातून रोग येतो, तर बी पेरू. काका म्हणाले, "केयीले बी असते काय बाप्पा?" आणि माझ्याकडे पाहिलं.

पाकिटातलं बी बारीक होतं, तांबूस, राजगिऱ्यापेक्षा थोडं मोठं. केळीचं खरं बी काळं, खडबडीत, मिऱ्याहून मोठं आणि दातांखाली आलं तर दात दुखेल इतकं टणक असतं. ते जंगली केळीत असतं, फळ भरून असतं, आणि गर नावाला. आपण खातो त्या केळाचं साल सोलून मधोमध पाहिलं तर बारीक काळसर ठिपक्यांची ओळ दिसते. ते न झालेलं बी आहे.

याचं कारण केळीच्या इतिहासात आहे, आणि त्या संध्याकाळी मी तो सांगायला घेतला कारण पुढचा निर्णय त्याच्यावरच अवलंबून होता.

केळीचे दोन मूळ पूर्वज आहेत. मुसा ॲक्युमिनाटा, जो आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या ओल्या जंगलात वाढतो, आणि मुसा बाल्बिसियाना, जो आपल्या ईशान्य भारतापासून दक्षिण चीनपर्यंत आढळतो आणि जरा कोरडं हवामानही सोसतो. ॲक्युमिनाटाच्या काही झाडांत परागण न होताही फळ भरत असे. माणसाने तीच झाडं निवडली आणि त्यांचे मुनवे काढून दारात लावले. वेगवेगळ्या बेटांवरच्या, वेगवेगळ्या गावांतल्या केळींचा संकर होत गेला, त्यातून गुणसूत्रांचे तीन संच असलेली झाडं निपजली. तीन संच दोघांत सारखे वाटता येत नाहीत, म्हणून बी धरत नाही. जी-नाईन, बसराई या तीन संचांच्या, निव्वळ ॲक्युमिनाटाच्या वंशातल्या. कोकणातली राजेळी किंवा भाजीची बनकेळ यांच्यात बाल्बिसियानाचंही रक्त आहे.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक नावाची दलदल आहे. तिथे सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी लोक मातीचे उंचवटे करून केळी लावत होते. बी नसलेल्या पिकाचा पुरावा कुठून मिळाला? केळीच्या पानात वाळूसारखे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. पान कुजतं, कण मातीत राहतात, आणि त्यांच्या आकारावरून झाड ओळखता येतं. २००८ पासून ती दलदल जागतिक वारसा यादीत आहे. काकांना हे फार आवडलं. "म्हणजे तवाही कोणी मुनवेच उपटून लावले," असं ते स्वतःशीच म्हणाले.

हो, आणि तेव्हापासून आजपर्यंत तसंच. केळीला आपण अमर म्हणतो, आई पडते तोवर बुडाशी पोर उभी असते. पण ती पोर आईची लेक नव्हे, आईच आहे. तिचंच शरीर पुढे चाललेलं. आईच्या अंगात जो विषाणू तो पोरीच्या अंगात. धान्यात, कपाशीत बियाणं बदललं की बरीच दुखणी मागे राहतात. केळीत तशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

पुतण्याने विचारलं, बसराई सोडून जी-नाईन लावली तेव्हा जात तर बदललीच ना? हा प्रश्न मला त्या सगळ्या संभाषणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. दक्षिण चीनमधली ही केळ मॉरिशसमार्गे इंग्लंडला गेली, आणि १८३० च्या दशकात चॅट्सवर्थ इथे जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने काचघरात वाढवली. त्याचा मालक ड्यूक कॅव्हेंडिश घराण्याचा, म्हणून तिला ते नाव पडलं. ग्रँड नैन या फ्रेंच नावाचा अर्थच मोठा बुटका. बसराई त्याच घरातली अधिक बुटकी. म्हणजे काकांच्या घरात दोन पिढ्यांत फरक पडला तो उंचीचा आणि घडाच्या वजनाचा. रोगापुढे दोघी जवळपास सारख्याच.

आणि जगात हे एकदा घडून गेलंय. निर्यातीची केळी पूर्वी ग्रो मिशेल जातीची होती. पनामा रोगाची नोंद १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. पुढे मध्य अमेरिकेत नवे मळे लावताना कंद इकडून तिकडे गेले आणि कंदासोबत बुरशीही गेली. बुरशी जमिनीत दशकानुदशकं टिकते. १९६० च्या सुमारास व्यापाराने ग्रो मिशेल सोडली आणि त्या बुरशीला दाद न देणारी कॅव्हेंडिश घेतली. तीच आज सगळीकडे आहे, आणि टीआर-फोर तिलाही सोडत नाही, म्हणून त्याचं नाव ऐकून लोक घाबरतात.

पाकिटाचं उत्तर त्यातच आलं. जंगली बी निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हटलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जंगली ॲक्युमिनाटातलाच एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून टीआर-फोरला टिकणारी केळ तयार केली, आणि २०२४ मध्ये तिला तिथे मान्यता मिळाली. ते काम प्रयोगशाळेचं. अकोटच्या वावरात पेरलेल्या जंगली बियातून, ते खरं असतं तरी, खाण्याजोगं केळ निघालं नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काकांचा: औषध मारू, झाडं राहू देऊ. याला मी ठाम विरोध केला, आणि इथे विषाणू कसा पसरतो ते कळणं गरजेचं आहे. सीएमव्ही मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते, त्यातही कपाशीवर आणि काकडीवर बसणारा मावा. तो रोगट पानाला सोंड लावतो तेव्हा काही क्षणांतच विषाणू सोंडेला चिकटतो, आणि पुढच्या झाडाला सोंड लावली की तिथे उतरतो. औषधाने मावा मरतो, पण मरण्याआधी त्याचं काम झालेलं असतं. आणि झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही.

दुसरा पर्याय, सगळी बाग मोडून हरभऱ्याची तयारी. पुतण्याची आई याच मताची होती. ठिबकचं कर्ज पाहता ते जड जाणार होतं, आणि निम्म्याहून जास्त झाडं अजून निरोगी होती.

तिसरा पर्याय, दुसऱ्या वंशाची केळ. राजेळीसारखी. पण अकोटला येणारा व्यापारी फक्त जी-नाईनचा माल भरतो. मिश्र वंशाच्या केळीसाठी तो गाडी थांबवणार नाही. बाजार एकाच झाडावर कसा येऊन थांबतो हे तिथे ओसरीवर बसूनही दिसत होतं.

उरलं ते चौथं: रोगट झाडं मुळासकट काढायची, दर चार-पाच दिवसांनी फेरी मारून पुन्हा काढायची, आणि विषाणूची घरं मोडायची. विषाणू जमिनीत राहत नाही, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. तो राहतो जिवंत झाडांत: काकडी, चवळी, मिरची, टमाटे, आणि बांधावरचं केना हे तण. हजारावर प्रकारच्या झाडांत तो जगू शकतो.

म्हणजे काकूंची काकडी पहिली जायला हवी होती. मी ते पटकन बोलून गेले. काकू काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. वेलींना फळं लागलेली होती, दोन-तीन बाजार सहज निघाले असते. काकांना झाडं उपटायला सांगताना मी तासभर समजावलं होतं, आणि काकूंची कमाई एका वाक्यात काढून टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचायच्या आत त्यांनी एकट्यांनी सगळे वेल उपटून ठेवले होते.

प्रत्यक्षात काय केलं

२६ ऑगस्टला पोळा. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या करीला मजूर मिळत नाही, मिळावा अशी अपेक्षाही कोणी धरत नाही. काम २८ ला सुरू झालं. आधी मावा मारणारी फवारणी केली, कारण झाड हलवलं की पंखवाला मावा उडून शेजारच्या झाडावर बसतो. मग उपटणी. पहिल्या फेरीत २३१ झाडं निघाली: मुनव्यांच्या तुकड्यात १९०, टिश्यूच्या तुकड्यात ४१. काकांनी पहिलं झाड उपटायला हात लावला नाही, पुतण्याने लावला. दहाव्या-बाराव्या झाडापासून काका स्वतः पुढे झाले आणि मग थांबले नाहीत.

उपटलेली झाडं बांधावर रचली, खड्डा दुसऱ्या दिवशी खणायचा होता. इथे पुन्हा एक गोष्ट निसटली. ३ सप्टेंबरला महालक्ष्म्या बसणार होत्या. मखराला केळीचे खांब लागतात, आणि बांधावर दोनशेवर झाडं पडलेली पाहून लोक दोन-दोन, चार-चार घेऊन गेले. काकांनी कोणाला नाही म्हटलं नाही. देवाच्या कामाला कोण नाही म्हणेल. पण त्यातली काही झाडं अशा घरी गेली ज्यांच्या परसात भोपळा आणि वाल होता, आणि दोन घरांची स्वतःची केळीबाग होती. आम्ही मग त्या घरी जाऊन सांगितलं. एका आजींनी मखर झालेलं तसंच ठेवलं आणि विसर्जनाच्या दिवशी खांब स्वतः खड्ड्यापर्यंत आणून दिले.

पुढच्या फेऱ्या १, ६ आणि १२ सप्टेंबरला झाल्या: १४८, मग ८७, मग २२. आकडे उतरत होते, पण काकडीच्या पट्ट्याला लागून असलेल्या अर्ध्या एकरात झाडं इतकी विरळ झाली की तिथली उरलेलीही काढायचा निर्णय घेतला. हा निर्णय सर्वांत कठीण गेला, कारण त्यातली बरीच दिसायला चांगली होती. केना हाताने वेचला, चारही बांधांवरून. कपाशीवाल्या शेजाऱ्यालाही त्याच्या धुऱ्यावरचा केना काढायला सांगितलं, त्याने काढला.

ऑक्टोबरच्या मध्याला, कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या वेळी, त्या अर्ध्या एकरात ७०० टिश्यूची रोपं लावली. यावेळी पुतण्याने रोपवाटिकेकडे विषाणू चाचणीचा दाखला मागितला. टिश्यू कल्चरच्या रोपांसाठी केंद्र सरकारची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे. मातृझाड तपासलेलं असलं तरच त्या रोपाला अर्थ आहे. आणि टिश्यूचं रोप कोवळं असताना सीएमव्हीला जास्तच बळी पडतं, म्हणून पहिले तीन महिने आसपास काकडीवर्गीय काही नको, हेही ठरलं.

परिणाम

दिवाळीपर्यंत जुन्या दोन एकरांत अजून चाळीसेक झाडं काढावी लागली. सुमारे २,६५० झाडं निसवली, म्हणजे त्यांना घड आले, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस कापणी झाली. वाचवलेल्या २५ हजारांतले जवळपास १२ हजार नव्या रोपांत गेले. उपटलेल्या ९०० वर झाडांचे घड गेले ते वेगळंच. कांदेबागेचा अर्धा एकर स्वच्छ राहिला.

आज हेच समोर आलं तर मी काय वेगळं करेन? १९ ऑगस्टला एका झाडाकडे न पाहता ओळीकडे पाहीन. रोगट झाडं आणि निरोगी झाडं कशी विखुरली आहेत ते दहा मिनिटांत कळतं, आणि त्या दहा मिनिटांनी आम्हाला आठ दिवस मिळाले असते. खड्डा आधी खणायला लावीन, झाड नंतर उपटायला. काकडीचं बोलणं आधी काकूंशी करीन, त्यांच्या दोन बाजारांचे पैसे कुठून भरून निघतील ते सोबत घेऊन. आणि जूनमध्ये, लागवडीच्या दिवशी, कंदाचं वजन विचारण्याआधी त्या मूळ बागेचा मागचा पावसाळा विचारीन.

काकूंनी पुढच्या वर्षी काकडी घराजवळच्या गुंठाभर तुकड्यात लावली, बागेपासून दूर.

२०२३ च्या जूनमध्ये काकूंचा भाऊ आला. दोन एकरांतली पिलं पाहून म्हणाला, यातले हजारेक मुनवे मला द्या, तिकडे लावतो. काकांनी त्याला चहा दिला, बाग फिरवून दाखवली आणि म्हणाले, "भाऊ, आता नको. भादव्यात येऊन बाग पाह्यजो, पट्टे दिसले नाई तं मंग नेजो."